चक्कीचं पाणी

वाशीम स्टेशनच्या मागच्या सायडिंगवर एक डिझेल इंजिन काही वर्षं नुसतं उभं होतं, आणि देवमन त्याचा राखणदार होता. गावात त्या इंजिनाला चक्की म्हणत. सरकारनं या जातीची इंजिनं बोटीतून आणवली तेव्हा त्यांना आकड्या-अक्षरांचं लांबलचक नाव होतं. पण पहिलं इंजिन वाशीमवरून गेलं तेव्हा धूर नाही, वाफ नाही, नुसती पिठाच्या चक्कीसारखी फटफट. बाया दळणाची टोपली घेऊन निघायच्याच काय त्या बाकी होत्या. नाव पडलं ते पडलंच.

कोळशाच्या इंजिनावरचे जुने ड्रायव्हर तिला आधी हसले. मग त्यांच्याच पोटावर पाय आला. पुढं देशी, मोठी डिझेल इंजिनं आली आणि चक्क्यांचीही तीच गत झाली. सुटे भाग मिळेनात. एकीची आतडी काढून दुसरीला, दुसरीची तिसरीला, असं करत करत दोनच धड उरल्या. एक लांबच्या इंजिन-शेडात, एक इथं.

देवमननं उमेदीची वर्षं कोळशाच्या इंजिनावर घालवली, मग चक्कीवर असिस्टंट झाला. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला तेव्हा त्याला ही राखण मिळाली. स्टेशनातले हमाल म्हणत, "आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते." म्हणोत बापडे. त्याच्या राखणीत चक्कीचा एक स्क्रूही कोणा कुत्र्याच्या तोंडी लागला नाही.

चक्की सायडिंगला आली त्याच दिवशी त्यानं वर चढून पाहिलं, तर पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत. कोळशाच्या इंजिनावर पहिल्या उस्तादानं कान पिळून शिकवलं होतं, "पानी उतरलं का इंजिन मेलं." शेडवाले विसरले असतील, असं म्हणून त्यानं टाकी भरली. पाणी रोज थोडं उतरायचं. आपल्याकडचं ऊन, ते काय सोडतं! मग नेम झाला. रोज एक हंडा.

हंडा आणायची त्याची बायको, भागिरथा. रुळांपलीकडं आवडाबाईचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. आवडाबाई बौद्धपुऱ्यातल्या लोकांना विहिरीवर चढू देत नसे, पण स्वतः पाणी शेंदून हंड्यात ओतून देई. पुण्य आणि विटाळ दोन्ही एकाच दोराला बांधणारी बाई. भागिरथा हंडा घेऊन यायची आणि शिडीखाली उभी राहून रोज तेच विचारायची, "कुठी वतू, डायवरसायेब?" ठाऊक असूनही विचारायची आणि हसायची.

दुष्काळाच्या साली विहीर तळाला गेली. आवडाबाई चिडली. "माह्या वांग्याईले पानी नाही, अन् तू लोखंडाले पाजून राह्यली?"

"लोखंड नोहे ते बाई," भागिरथा म्हणाली. "त्याईची नोकरी हाय."

त्या उन्हाळ्यात देवमन डोळे दाखवायला अकोल्याला गेला. जाताना म्हणाला, "चक्कीले पानी घालजो." घरातही त्या दिवशी पाणी नव्हतं. भागिरथा भर दुपारी विहिरीच्या ओट्याखाली बसून राहिली, तळाचं पाणी वाटीवाटीनं गोळा झालं, तेव्हा कुठं आवडाबाईनं हंडा भरून दिला. तो तिनं टाकीत ओतला आणि चक्कीच्या सावलीला टेकली. संध्याकाळी देवमन गाडीतून उतरला तेव्हा लोक जमले होते. ऊन लागलं, म्हणाले. हंडा तिच्याशेजारी होता. तिनं त्यात घोटभरही ठेवलं नव्हतं.

देवमन रडला नाही. बुद्धवंदना झाली, बाया त्याच्याकडं बघत राहिल्या, कोणी म्हणालं, रड बापा, मोकळा हो. त्याला कुठं काही लागतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं हंडा उचलला आणि विहिरीवर गेला. आवडाबाईनं ओतून दिलं. पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या, एक हिवाळा गेला. देवमन जेवला, निजला, हंडा आणला. जगणं म्हणायचं त्याला.

मग बातमी आली. दिल्लीला जुनी इंजिनं जपून ठेवणार आहेत, या जातीचं एक हवं. धड हवं आणि चालतं हवं. दोघींपैकी एक.

त्या रात्री देवमनला बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट हवीशी वाटली. चक्की दिल्लीला जावी. लोकांनी ती पाहावी. म्हणजे भागिरथा वाया गेली नाही, असं तरी म्हणता येईल. याहून जास्त त्याला काही नको होतं.

इंजिन निवडायला साहेब आले. काचा पाहिल्या, नंबराची पितळी पाटी पाहिली, सीटवरून हात फिरवला. खूश झाले. "हीच नेऊ," म्हणाले. "एकदा चालू करून दाखवा."

शेडचा फिटर उकंडराव बॅटऱ्या घेऊन आला होता. आपणच पाणी काढून हिला उभी केली, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्यामुळं त्यानं फार तपासलं नाही. बटण दाबलं. चक्की हलली, आतून एकच धाडकन आवाज आला आणि सगळं थांबलं.

उकंडरावनं झाकण खोललं. सिलिंडरमधून तांबूस पाणी गळत होतं. आतला दांडा वाकला होता, ब्लॉकला चीर गेली होती.

"कोनं भरलं पानी?" तो ओरडला. "जुन्या रबरातून थेंब थेंब आत उतरलं ना! उभ्या डिझेलले कोरडं ठेवा लागते, कोनं भरलं?"

"म्या," देवमन म्हणाला. "रोज."

"काहून?"

देवमनला उत्तर येत होतं, पण ते कोळशाच्या इंजिनाचं होतं. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "दुसरी घेऊ. हिच्या काचा, पाटी, सीटा काढून तिला लावा. बाकी भंगारात."

उकंडरावनं खालची तोटी उघडली. पाणी खडीवर पडायला लागलं. बराच वेळ पडत होतं. देवमन बघत उभा राहिला. लोक निघून गेले.

संध्याकाळ झाली तसा त्यानं हंडा उचलला. पाय आपसूक मळ्याकडं गेले. आवडाबाईच्या कानावर सगळं आलं होतं, तरी तिनं हंडा काठोकाठ भरून दिला. देवमन सायडिंगला आला, शिडीखाली उभा राहिला, आणि मग त्याला आठवलं, आता टाकी भरायची नव्हती.

वर टाकीचं झाकण उघडंच होतं.

"कुठी वतू?" तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला.

हंड्याच्या वजनानं खांदा दुखायला लागला, तरी तो उभाच होता. मग तो भागिरथा जिथं टेकली होती तिथं, चाकाला पाठ लावून बसला. हंडा शेजारी ठेवला. भरलेला.

तेव्हा त्याला रडू आलं.