ग्लास, ग्लासेस नव्हे
उंच पेटी क्रेनला जमिनीपासून वीतभर वर लटकत होती. मी आणि आणखी एक हमाल दोराने तिचा तोल सांभाळत होतो. पेटीवर इंग्रजीत फक्त 'ग्लास' लिहिले होते.

"आडवी करा," मुकादम म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "आत काचेची तावदानं असतील, तडकतील."

"आजोबा, ग्लास म्हणजे पाणी प्यायचे. सुनेनं चार अक्षरं काय शिकवली, लागले माल ओळखायला."

"तिनंच सांगितलंय. पेले दोन झाले की 'ग्लासेस' होतात. काच इंग्रजीत मोजत नाहीत. ती कितीही असो, 'ग्लास'च. एवढ्या पेटीत एकुलता एक पेला कोण पाठवेल?"

साखळी कुरकुरली. दोर माझ्या तळहातातून सरकू लागला.

"चुकलात तर उद्यापासून घरी बसायचं."

"बसेन. आधी एक फळी काढून बघा."

त्याने पहार घालून फळी उचकटली. आत हिरवट कडांची तावदाने एकमेकांना टेकून उभी होती. मुकादमाने पहार खाली ठेवली.

"उभीच ठेवा," तो हळूच म्हणाला. "आणि आजोबा, पलीकडच्या पेट्याही जरा वाचून सांगा."