पहिल्या मजल्यावरचा नकार

बिबवेवाडीतली ती चार मजली इमारत सर्जेरावांच्या जमिनीवर उभी होती, आणि हे ते कोणाला विसरू देत नसत. जमीन देतानाच त्यांनी लिहून घेतलं होतं, की त्यांनी 'नाही' म्हटलं की सोसायटीचा ठराव बारगळणार. त्याच जोरावर त्यांनी तीनदा लिफ्ट अडवली होती. स्वतः राहायला पहिल्या मजल्यावर!

रविवारी सकाळी चौथ्या मजल्यावरचे मन्सूरभाई दारात आले. निवृत्त शिक्षक, गुडघे गेलेले, एका हातात काठी, दुसऱ्यात सह्यांचे कागद. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच बड्या देशांपैकी एकानं नकार दिला, तरी बाकी साऱ्यांचा ठराव पडतो. तो अधिकार काढून घ्या, अशी मागणी होती.

"एकट्यानं सगळ्यांना वेठीला धरायचं? कुठला न्याय हा!" सर्जेरावांनी झोकात सही ठोकली. "पण मन्सूरभाई, तिथं तुमचं ऐकणार कोण?"

"आज नाही ऐकणार. म्हणून सांगायचंच नाही का?" मन्सूरभाई हसले आणि जिन्याकडे वळले.

लिफ्टचा त्यांनी शब्दही काढला नाही. टोमणा मारला असता, तर सर्जेरावांनी सव्याज परत केला असता. पण काठी एकेका पायरीवर टेकत वर गेली, आणि ते दारातच ऐकत उभे राहिले. असेच परक्यांचे जिने चढून या माणसानं अडीचशे सह्या जमवल्या होत्या.

संध्याकाळच्या सभेत सेक्रेटरी विजयमालाबाईंनी लिफ्टचा ठराव चौथ्यांदा वाचला आणि सवयीनं सर्जेरावांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" ते खेकसले. "हात मोजा की!"