पाहा: खोका सतरा

विद्यापीठात एका खोलीवर 'अभिलेखागार' अशी लांबलचक पाटी होती. पण एवढा शब्द उच्चारायला वेळ कुणाला आहे? सगळे तिला कागदखोली म्हणत आणि तिथल्या प्रमुखांना पेन्सिलकाका. कारण दारातच ते हात पुढे करत. "पेन इकडे द्या. आत फक्त पेन्सिल." कुलगुरूंचंही पेन त्यांनी काढून घेतलं होतं. शाईचा एक ठिपका जुन्या कागदाची कशी वाट लावतो, हे ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

माणूस तसा खडूस, पण सुखी. गेलेल्या प्राध्यापकांचे कागद पोत्यांतून यायचे. ते झटकायचे, गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढायच्या, कागद खोक्यांत लावायचे आणि त्यांची सूची करायची, यात त्यांची एकतीस वर्षं मजेत गेली होती. एवढ्या वर्षांत सूचीत एक चूक सापडली नव्हती. हे कुणी विचारत नसे, तरी ते सांगत.

एका सकाळी पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. केस बारीक कापलेले, नखांच्या कडांना काळं ऑइल. काकांनी हात पुढे करायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पेन नाहीये माझ्याकडे. खिशात पाना आहे, तो ठेवू का?"

पेनांच्या ट्रेमध्ये पाना पडला. असलं काही काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"पक्ष्यांचा अभ्यास करायचे त्या प्राध्यापकांचे कागद इथे आहेत ना? मी त्यांची मुलगी."

सहा वर्षांपूर्वी ते प्राध्यापक गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने बेचाळीस खोके भरतील एवढे कागद आणून दिले होते. काकांनी ते स्वतः लावले होते. पण मुलगी? "मुलीचा तर कुठे उल्लेखच..." असं म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली.

"नसेलच," बाई म्हणाल्या. "मी कॉलेज अर्धवट सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाबा भडकले. म्हणाले, यापुढे या घरात हिचं नाव काढायचं नाही. मीही त्यांचीच मुलगी, पुन्हा उंबरठा चढले नाही. एकोणीस वर्षं एकाच गावात राहून आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि मग ते गेले." "त्यांनी माझ्याबद्दल कुठे काही लिहिलंय का, एवढंच बघायचंय. एक ओळ असली तरी चालेल. अहो, शिवी असली तरी चालेल."

काकांनी खोका तीन काढून दिला. कौटुंबिक पत्रव्यवहार, पाठवलेल्या पत्रांच्या नकलांसकट. बाई दुपारपर्यंत एकेक कागद वाचत बसल्या. मुलाला पत्रं होती, मेहुण्यांना होती, चुलतभावाला होती, इतकंच काय, गळक्या नळाबद्दल घरमालकाला लिहिलेली सात पत्रं होती. शेवटी त्यांनी झाकण लावलं.

"घरमालकाला सात आणि मला एकही नाही! बरं झालं बघून टाकलं, धाकधूक तरी गेली." तोंडाने असं म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा पार उतरला होता. काकांना फार वाईट वाटलं. त्यांनी बाईंना टेबलापासून लांब नेऊन पाणी दिलं. वाईट वाटलं तरी नियम तो नियम, कागदांजवळ पाणी नाही.

पाणी पिऊन बाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "लहानपणी किती लाड करायचे माझे! एका जागी टिकायचे नाही, म्हणून पाकोळी म्हणायचे मला."

"पाकोळी? पाकोळीवर तर अख्खा खोका आहे की," काका म्हणाले आणि बोलता बोलताच अडखळले.

खोका सतरा म्हणजे त्यांचा लाडका. बारीक अक्षरातली हजारो कार्डं. सूचीत त्यांनी ऐटीत नोंद केली होती, 'पाकोळी पक्षी: पुलाजवळील निरीक्षणे, एकोणीस वर्षे'. त्या कार्डांवरून एका अभ्यासकाने निबंधही लिहिला होता, की इथली पाकोळी थंडीतही जागा सोडत नाही. त्यात काकांचे आभार मानले होते, आणि ते पान काकांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं.

"पुलाजवळ?" बाईंनी विचारलं. "माझं दुकान पुलाजवळच आहे."

खोका टेबलावर आला. पहिलं कार्ड काकांनीच वाचलं. 'पाकोळीने घरटं बांधलं. जागा चांगली. दुपारी ऊन लागेल.'

"दुकान उघडलं ती तारीख आहे ही," बाई हळूच म्हणाल्या.

"योगायोग असेल," काका घाईने म्हणाले. एकतीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती ना! त्यांनी दुसरं काढलं. 'पाकोळी डाव्या पायाने लंगडते आहे. बरोबर कुणी नाही.' याची नोंद त्यांनी 'जखमी पक्षी' अशी केली होती.

"त्या वर्षी मी स्कूटरवरून पडले होते."

'पाकोळीचा खोकला चार दिवस झाले तरी हटत नाही.'

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पक्षी चार चार दिवस खोकतो का? एवढा शहाणा माणूस, पण हा साधा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता! अन् तो अभ्यासकही तसलाच. त्याला आता पत्र लिहायला हवं होतं.

शेवटचं कार्ड बाईंनी स्वतः वाचलं. 'पाकोळीने घरट्याला निळा रंग दिला. झकास दिसतो. तिला सांगायला हवं.'

बाई हसू लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "नाव नाही काढलं हो त्यांनी! एकोणीस वर्षं शब्द पाळला, लबाड कुठले!"

"रडा, पोटभर रडा," काका म्हणाले, "पण जरा तिकडे तोंड करून. कार्डं भिजतील."

मग त्यांनी स्वतःचा चष्मा पुन्हा पुसला. डोळे पुसून झाल्यावर बाईंनी विचारलं, "आता ही कार्डं घरच्या पत्रांत ठेवाल?"

"नाही. ज्याने जसं ठेवलं तसंच ठेवायचं, हा आमचा नियम आहे. त्यांनी तुम्हाला पक्ष्यांत ठेवलंय, तिथेच राहायचं तुम्ही."

पण सूची काकांची स्वतःची होती. त्यांनी ती उघडली आणि 'पक्षी' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा खोडला. मग खोका तीनमध्ये ठेवायला एक कोरी चिठ्ठी घेतली. "नाव काय लिहू तुमचं?"

"बाबांनी लिहिलंय तेच लिहा," बाई म्हणाल्या. "आणि उद्या परत येते. बरीच कार्डं राहिलीत."

पाना खिशात टाकून त्या गेल्या. काकांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'कन्या: पाकोळी. पाहा: खोका सतरा. अख्खा.'