मोहरीची तिसरी फेरी

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, निमगाव केतकीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचणाऱ्याला मिळतं काय? खुर्ची, पंख्याचा वारा, येणाऱ्या-जाणाऱ्याचा जयभीम आणि चहाचा पहिला कप. कुंडलिकराव बारा वर्षं हे सगळं पदरात पाडून घेत होते. त्यामुळं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, अक्षरांच्या मुंग्या झाल्या, तरी त्यांनी ब्र काढला नाही. डोळ्यांचं सांगायचं म्हणजे खुर्ची सोडायची. त्यापेक्षा पुस्तक उघडायचं, अधूनमधून पान उलटायचं आणि पाठ असेल ते म्हणायचं.

घोटाळा एवढाच, की धड पाठ होती एकच कथा, किसा गोतमीची. मेलेलं लेकरू घेऊन ती बुद्धांकडं औषध मागायला येते. बुद्ध म्हणतात, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथली मोहरी आण. ती दारोदार फिरते, पण असं घर कुठं सापडतच नाही.

सोमवारी लोकांनी ऐकली. मंगळवारी सहन केली. बुधवारी म्हाताऱ्या भामाबाई उठल्याच.

"कुंडलिकराव, तीन दिस झालं, ती बाई आमच्याच दारात मोहरी मागती. डबा रिकामा झाला की!"

हशा पिकला. कुंडलिकरावांचा चेहरा उतरला. "दिसत न्हाय गं आक्का."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"एकटा जीव. बारामतीला न्या, आणा, डोळ्यात थेंब घाला... कुणाकुणाला म्हणायचं?"

"भन्ते भिक्षेचं पात्र घेऊन दारात उभं ऱ्हात्यात, त्यांची अब्रू गेली का? बरं, ज्या घरानं कधी कुणाची मदत घेतली न्हाय, तितली मूठभर मोहरी आणा. मग नका मागू."

"आमच्याकडं येऊ नका," मागनं एक बाई म्हणाली, "माझी तिन्ही बाळंतपणं भामाक्कानं काढली."

भाजीचा टेम्पो लावून चहाला थांबलेला राजमहंमद दारातनंच म्हणाला, "माझ्याकडं तर नकोच. टेम्पो चिखलात रुतला तवा ह्याच मंडळींनी ढकलला."

कुंडलिकरावांनी पुस्तक मिटलं.

"राजूभाई, उद्या बारामतीला जाताना पुढं जागा हाय का?"

"मेथीला मागं बसवतो की!"

आता हिशेब. एकेका डोळ्याच्या ऑपरेशनला एकेक, अशा टेम्पोच्या दोन फेऱ्या राजमहंमदच्या. थेंब भामाबाईंनी घातले, वर टोमणे फुकट. दरम्यान वाचायला बसली भामाबाईंची नात निकिता. ती असं वाचते, की लोक तिला खुर्चीवरनं उठू देईनात. खरी किंमत मोजली कुंडलिकरावांनीच. ते आता सतरंजीवर पहिल्या रांगेत बसतात, आणि चहाचा पहिला कप निकिताकडं जाताना त्यांना अगदी लख्ख दिसतो.