टोपणं लावायची घाई

आमच्या टेबलावर तीन पेनं होती, दोन पेन्सिली, एक खोडरबर, पाण्याची एक बाटली आणि सफरचंद भरून भाजलेल्या गोड श्ट्रूड्लाचे अकरा तुकडे. निघताना बारा होते. टेबलाला खुर्च्या तीन. चौथी मागे भिंतीला टेकवलेली, राखीव खेळाडूसाठी. त्या चौथीवर तिहोमीर काका मांडीवर श्ट्रूड्लाच्या डब्याचं झाकण घेऊन बसले होते आणि त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर मी बसले होते.

ही खुर्ची मला हवी होती. का, ते सांगते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन सिसाकला आईवडिलांकडे परत आलेल्या मुलीला गावात दोनच प्रश्न विचारले जातात: नोकरीचं काय झालं, आणि तो झाग्रेबचा मुलगा हल्ली दिसत नाही तो. आमच्या कोडेमंडळाच्या टेबलावर मात्र पहिल्याच मंगळवारी मला विचारलं गेलं, "आडवे सात, पाच अक्षरी, उत्तरेकडचा वारा?" मला उत्तर आलं नाही. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, उत्तर न आल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. तेव्हापासून मी दर मंगळवारी जाते.

मंडळाच्या संघात तिघं. नेवेन्कामावशी कप्तान, निवृत्त औषधविक्रेत्या. क्रुनोकाका दातांचे डॉक्टर. तिसरे तिहोमीर काका, ज्यांनी मला सहावीत भूगोल शिकवला आणि जे कोडं सोडवताना अजूनही वर्गात फेऱ्या मारल्यासारखे चालतात. ते हळू आहेत. हे मी मोजलं आहे.

मी आणखीही एक गोष्ट मोजली होती. आमच्या मंडळात एक जुनी रीत आहे. कुठलंही कोडं समोर आलं की मावशी त्याचं शीर्षक आणि खालची सूचना मोठ्यानं वाचतात. बाकीचे दोघं म्हणतात, "समजलं." मग पेनांची टोपणं निघतात. समोर सुडोकू असलं तरी तेच. या लोकांनी आयुष्यात हजारो सुडोकू सोडवली असतील, तरी दर वेळी ऐकून घेतात की प्रत्येक ओळीत एक ते नऊ आकडे एकेकदाच यावेत. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेसारखं.

एका वाचनाला सरासरी चौदा सेकंद. सामन्याच्या शेवटच्या फेरीत दहा कोडी. म्हणजे दोन मिनिटांहून जास्त, आणि त्या फेरीत वाचवलेल्या प्रत्येक पूर्ण मिनिटाला एक गुण असतो. मी याचा आलेख काढून नेला. त्रुटिरेषांसह. रंगीत.

"छान आहे," क्रुनोकाका चष्मा वर करून म्हणाले. "कीड कुठे लागलीय ते स्पष्ट दिसतंय."

"काका, हा एक्स-रे नाही."

"तरीच भूल न देता दाखवतेयस."

मावशींनी आलेख वरून खाली वाचला, अक्षांवरची नावंसुद्धा. मग म्हणाल्या, "कुटिनाच्या सामन्याला तू बस, निवेस. तुझ्या पद्धतीनं खेळू, वाचन बंद. जिंकलो तर खुर्ची वर्षभर तुझी. हरलो तर तिहो परत येईल आणि मी वाचीन. मान्य?"

"मला मान्य," तिहोमीर काका म्हणाले. "मागं बसलं की खाता येतं."

सामना कुटिनाच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होता. महिन्याचा पहिला शनिवार, त्यामुळे बरोबर बारा वाजता आमच्या डोक्यावरच्या छपरात भोंग्याची चाचणी झाली. हॉलमधल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. खरीच आग लागली असती तरी कुणीतरी म्हटलं असतं, "थांबा, एवढा कोपरा संपवतो."

शेवटच्या फेरीआधी आम्ही अठ्ठावन्न, कुटिना त्रेसष्ट. शेवटच्या फेरीत दहा कोडी एकदम टेबलावर येतात, प्रत्येकी चार गुण, साठ मिनिटं. वेळेआधी संपलं तर तिघांनीही आपापल्या पेनाला टोपण लावायचं आणि हात वर करायचा. मग उरलेल्या प्रत्येक मिनिटाचा गुण मिळतो. पण टोपण लागलं की लागलं. नंतर एक जरी चूक सापडली तरी मिनिटांचे सगळे गुण जातात.

लिफाफा फुटला. मावशींचं तोंड सवयीनं उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मिटलं.

शब्दकोडी मावशींनी घेतली, तर्काची क्रुनोकाकांनी आणि आकड्यांची मी. माझं काम मस्त चाललं होतं. इतकं मस्त, की मी मधूनमधून मान वर करून कुटिनाच्या टेबलाकडे दयेनं पाहत होते. दहावं कोडं सुडोकू निघालं. चेहरा ओळखीचा, म्हणून नाव विचारलं नाही.

ते मधे अडलं. चार चौकटी अशा निघाल्या की तीन आणि आठ त्यांत कसेही अदलाबदल करता येत होते; फक्त त्यांतल्या एका चौकटीत पाचही बसू शकत होता. आमच्या धंद्यात याला एक सुंदर पळवाट आहे. चांगल्या कोड्याला उत्तर एकच असतं. तीन-आठची अदलाबदल चालली तर उत्तरं दोन होतील. म्हणजे तसं असणारच नाही. म्हणजे तिथे पाच. सिद्ध काही करावं लागत नाही, रचणाऱ्यावर विश्वास ठेवला की झालं. मी पाच लिहिला आणि उरलेल्या चौकटी झरझर भरल्या. तळाशी उजवीकडे एक लहानशी रिकामी चौकट होती. सोडवणाऱ्याची सही, असं समजून मी तिथे सुबक एन काढला, निवेसचा.

अजून साडेसहा मिनिटं होती. मी टोपण लावलं आणि ते टेबलावर टक-टक वाजवत बसले.

"शेवटचं वाचलंस का?" मावशींनी विचारलं.

"सोडवलं, मावशी."

"वाचलंस का, म्हटलं."

"मावशी, मिनिट जाईल!"

त्यांनी टोपण लावलं. क्रुनोकाकांनी लावलं. मी हात वर केला तो इतका उंच की खुर्ची मागे सरकून तिहोमीर काकांच्या गुडघ्याला लागली.

पंचबाई आल्या, घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं लिहिली आणि कागद तपासायला लागल्या. नऊ कोडी बरोबर. दहाव्यापाशी त्या थांबल्या.

"हे काय आहे?"

"उत्तर," मी म्हणाले.

"ते दिसतंय. सुरेख भरलंय. पण कोड्यात विचारलंय, या सुडोकूची एकूण उत्तरं किती? आकडा खालच्या चौकटीत लिहा. आणि तुम्ही चौकटीत एन लिहिलंय."

कुटिनाच्या टेबलावरचं कुणीतरी पाणी पिताना ठसकलं.

"बरोबरच आहे की!" क्रुनोकाका उठून उभे राहिले. "गणितात एन म्हणजे कितीही. कितीही मध्ये सगळं येतं, पंचबाई. मुलगी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे!"

"डॉक्टर, बसा."

"निदान अर्धा गुण?"

"तुम्ही अर्धा दात काढता का?"

डॉक्टर बसले.

बरोबर आकडा तीन होता. तीन-आठच्या अदलाबदलीची दोन उत्तरं, आणि पाचवालं एक. म्हणजे रचणाऱ्यानं मोजायला ठेवलेली दोन उत्तरं मी रचणाऱ्यावरच्याच विश्वासानं हाकलून दिली होती, आणि उरलेल्यावर सही केली होती. सूचना कोड्याच्या वर, ठळक अक्षरांत, दोन ओळींत होती. मी ती नंतर वाचली. सावकाश वाचूनही अकरा सेकंद लागले. माझ्या आलेखावरच्या सरासरीपेक्षा कमी.

दहाव्याचे चार गुण गेले, मिनिटांचे सहा गेले. आमचे चौऱ्याण्णव झाले. कुटिनानं पूर्ण साठ मिनिटं घेतली, दोन कोडी चुकवली आणि पंचाण्णवावर पोचलं.

परतताना आम्ही क्रुनोकाकांच्या गाडीत बसलो. मी मागच्या सीटवर तिहोमीर काकांच्या शेजारी होते. गाडी सुरू होताच मी म्हणाले, "मावशी, एक प्रयोग म्हणजे काहीच नाही. नमुना फारच लहान आहे. निदान पाच सामने..."

"निवेस," मावशी मागे न वळता म्हणाल्या, "ठरलं होतं काय?"

"हरलो तर काका परत."

"मग?"

"पण एकाच गुणानं हरलो."

"एकानं हरलं काय, चाळिसानं हरलं काय," क्रुनोकाका म्हणाले, "दात थोडाच हलत असला तरी काढायचा ठरला तो काढायचाच."

"मी हळू आहे, हे मला माहीत आहे हं, पोरी," तिहोमीर काका हळूच म्हणाले. "पण ठरलं ते ठरलं. बाकी तू सहावीतही अशीच होतीस. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. वर्गात आधी तुझा हात दिसायचा, मग तू." त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. मी तुकडा घेतला. कुणाशी बोलावं लागू नये म्हणून पुरवून पुरवून खाल्ला.

पुढचा सामना कार्लोवात्सला झाला. तिहोमीर काका आपल्या खुर्चीवर बसले, मी भिंतीला टेकून श्ट्रूड्ला सांभाळला. मावशींनी प्रत्येक सूचना मोठ्यानं वाचली, दोघांनी प्रत्येक वेळी "समजलं" म्हटलं, आणि एकही सूचना सुटली नाही.

कार्लोवात्स एकशेदोन, सिसाक एकसष्ट.