चोविसावा खण

आधी माझे खण मोजून घ्या. आडवे चार, उभे सहा, एकूण चोवीस. मोजलेत? आता मी बोलते.

मी शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मास्तरांच्या दुकानातली सुट्या भागांची पेटी. मास्तरांची वेबसाइट हल्ली बरी चालते आणि लोकांना वाटतं, ती जावईबापूंच्या लॅपटॉपमध्ये जन्मली. साफ चूक. पाच महिने ती माझ्या पोटात वाढली. लॅपटॉपने तिला फक्त बाहेर काढलं. हे मी फुशारकीने सांगत असेन तर सांगत असेन, पण खोटं सांगत नाही.

मला एका सुताराने केलं. त्याच्या बायकोचं मशीन मास्तरांनी चालू करून दिलं, त्या खुशीत त्याने दाराच्या चौकटींतून उरलेलं लाकूड जमवलं आणि आठ दिवसांत मला उभी केली. माझे तेवीस खण बोटाने ओढले तरी सरकतात. चोविसाव्याचं, म्हणजे खालच्या ओळीतल्या अगदी उजवीकडच्याचं, माप चुकलं. तो उघडायचा तर मला गुडघा लावून दोन्ही हातांनी ओढावं लागतं.

मास्तरांनी प्रत्येक खणावर कागदाची पट्टी चिकटवून नाव लिहिलं. शटल, बॉबिन, सुया, पट्टे, स्प्रिंगा, स्क्रू. चोविसाव्यावर काहीच नाही. मास्तरांची लेक याच पट्ट्या वाचत अक्षरं शिकली. शाळेत बाईंनी विचारलं, श कशाचा, तर शहामृगाचा म्हणायचं सोडून ही शटलचा म्हणून आली होती.

दुकानात येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं. दारातूनच म्हणायचं, "मास्तर, मशीन अडलं." मग मास्तर चाक दोनदा फिरवायचे, कान द्यायचे आणि मागे न बघता हात लांबवून माझा नेमका खण ओढायचे. चाळीस वर्षांत तो हात कधी चुकला नाही. मशीन नीट झालं की माणूस ते उचलून चालता व्हायचा. "मशीन चाललं" असं सांगायला परत आलेला एकही माणूस मी पाहिला नव्हता. मला याचा राग यायचा. मास्तर म्हणायचे, चालतंय म्हणूनच येत नाहीत, तेच बरं.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी सुईत दोरा जाईना, मग बारीक स्क्रू हातातून निसटून टेबलाखाली जायला लागले. मास्तर गुडघ्यावर बसून ते शोधायचे आणि कुणी आलं की घसा खाकरून उभे राहायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार. गिऱ्हाइकांना ते "उद्या या" म्हणायला लागले आणि ज्यांना उद्या म्हटलं ती माणसं दुसरं दुकान बघायला लागली. डोक्यात चाळीस वर्षांची विद्या शाबूत आणि हात तिला साथ देईना. सकाळी उठून कशासाठी शटर उघडायचं, हा मास्तरांपुढचा खरा प्रश्न होता.

जावईबापू गोड माणूस, पण भारी उतावळे. त्यांनी एका दुपारीत वेबसाइट करून टाकली. मास्तरांचा दुकानातल्या रोजच्या कोटातला फोटो, खाली "आमच्याविषयी", "आमची सेवा", "आमची वैशिष्ट्यं". सगळ्या नातेवाइकांना पाठवली. नातेवाइकांनी फोनवर अंगठे दाखवले आणि विषय संपला. दोन महिन्यांनी आकडा पाहिला, तर साइट त्रेपन्न वेळा उघडली गेली होती. मास्तर हरखून गेले. मग लेकीला सांगावंच लागलं की त्यातल्या एकेचाळीस वेळा ती बाबांनीच उघडली होती.

त्यानंतर तीन आठवडे शटर बंद होतं. मी अंधारात उभी होते आणि माझ्या लाकडाला पहिल्यांदा भीती वाटली. चौथ्या आठवड्यात मास्तर आले, पण कोट घरी ठेवून. लेकीला म्हणाले, "अजून एकदाच. या वेळी फसलं तर दुकानाची किल्ली जागेच्या मालकाच्या हातात देतो." मास्तर बोलतात ते करतात, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

लेक एका मोठ्या रुग्णालयात चौकशीच्या खिडकीत बसते. सुटीच्या दिवशी सकाळी ती आली, माझे सहज सरकणारे तेवीस खण रिकामे केले आणि सुटे भाग डब्यांत भरून फळीवर ठेवले. माझा जीव खालीवर झाला. मग तिने प्रत्येक खणात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. एकेक खण म्हणजे साइटचा एकेक विभाग. बाबांनी बोलायचं, तिने लिहायचं आणि चिठ्ठी त्या त्या खणात टाकायची. यात थरथरत्या हाताचं काही कामच नव्हतं. प्रत्येक खणात किमान दोन लेख तयार झाल्याशिवाय साइट उघडायची नाही, असं तिने जाहीर केलं.

जावईबापूंचं मत पडलं की आधी उघडू, मग हळूहळू भरू. लेक म्हणाली, "शटर उघडं आणि आत फळ्या रिकाम्या, अशा दुकानात तुम्ही दुसऱ्यांदा जाता का?" जावईबापूंनी कॅमेरा उचलला आणि निमूटपणे फोटो काढायला घेतले. ते काम मात्र त्यांनी झकास केलं. एकेक फोटो असा हलका करून ठेवला की जुन्यापुराण्या फोनवरही पटकन उघडावा.

मास्तरांची गाडी सुरुवातीला भलतीच लांबून निघायची. पहिल्या लेखात त्यांनी माणूस कातडी पांघरत होता तिथपासून सुरुवात केली आणि सुई अकराव्या पानावर आली. लेकीने दहा पानं बाजूला काढली. मास्तर फुगून बसले. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच विचारलं, "आज कुठून सुरू करू? सुईपासूनच ना?" असे पाच महिने गेले. तेवीस खण चिठ्ठ्यांनी गच्च भरले आणि लेखही तयार झाले. चोविसावा तेवढा कुणी उघडला नाही. मास्तर म्हणाले, तो अडकलाय, राहू दे.

उद्घाटनाआधी लेकीने एक परीक्षा ठेवली. त्यासाठी उशीवाल्या काकूंना बोलावलं. काकू उशांचे अभ्रे शिवतात, हाताला कामाची घाई आणि तोंडाला कसलीच भीड नाही. त्यांच्या मशीनवर खालच्या बाजूने धाग्याचा गुंता होत होता. लेकीने त्यांच्या फोनवर साइट उघडून दिली आणि सांगितलं, यातून उपाय शोधा, आम्ही कुणी मदत करणार नाही.

काकूंनी चष्मा चढवला. समोर माझ्याच पट्ट्यांवरची नावं ओळीने मांडलेली होती. मी ऐटीत उभी होते. काकू वरून खाली गेल्या, खालून वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. मास्तर सांगायला तोंड उघडणार, तोच लेकीने डोळे वटारले. बऱ्याच वेळाने काकूंनी फोन मांडीवर ठेवला.

"मास्तर, कुठला भाग बिघडलाय हे मला कळत असतं, तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "रोज माझ्या खिडकीपुढे रांग असते," ती म्हणाली. "कुणी विभागाचं नाव घेत नाही. गुडघा दुखतोय, कुठे जाऊ, असं विचारतात. तिथे मला हे कळतं आणि आपल्या पेटीपुढे मी आंधळी झाले." तिचा काय दोष? ती याच पट्ट्यांवर वाचायला शिकली होती.

ओल्या फडक्याने माझ्या पट्ट्या निघाल्या. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं. चाळीस वर्षं मी मास्तरांच्या बाजूला तोंड करून उभी होते आणि दारातून येणाऱ्याला जणू माझी पाठच दिसत होती, हे त्या दिवशी समजलं. नव्या पट्ट्या आल्या. धागा तुटतो. टाका सुटतो. खालून गुंता होतो. मशीन जड चालतं. कापड पुढे सरकत नाही. खडखड आवाज येतो. साइटचं नाव मास्तरांनी "शिलाई यंत्र दुरुस्ती मार्गदर्शन केंद्र" असं ठरवलं होतं, ते वाचता वाचता काकूंनी दोनदा जांभई दिली. ते गेलं आणि त्या जागी आलं "मशीन अडलं". तेवीस विभाग पुन्हा लावायला तीन आठवडे लागले.

काकू पुन्हा आल्या. दोनदा बोट लावलं आणि त्यांचा गुंत्याचा उपाय समोर आला. जावईबापूंनी टाळी दिली. काकू मात्र अजून शोधतच होत्या. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "आणि माझ्या आईच्या मशीनचं कुठल्या खणात?"

टेबलाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक मशीन सतरा वर्षं पडून होतं. ते काकूंच्या आईचं. सातआठ टाके घातले की एक टाका गाळायचं. मास्तरांनी ते उघडलं तेव्हा आतून नखाएवढी वाकडी लोखंडी पट्टी पडली आणि ती कुठली, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. काकूंना त्यांनी सांगितलं होतं, एक भाग मिळत नाही, मिळाला की कळवतो. काकूंनी दुसरं मशीन घेतलं आणि या मशीनचा विषय पुन्हा काढला नव्हता.

मास्तर उठले. मला गुडघा लावला. हात थरथरत होता, तरी लेकीला जवळ येऊ दिलं नाही. चोविसावा खण करकरत उघडला. आत ती एकच लोखंडी पट्टी होती. सतरा वर्षं मी ती जपली होती आणि तिचं ओझं बाकी तेवीस खणांहून जास्त वाटायचं.

"काकू, भाग मिळत नव्हता असं नाही," मास्तर म्हणाले. "भाग हा इथेच होता. मला जमलं नाही."

"ठाऊक होतं मला," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मशीन न्यायला आले नाही. आले असते तर तुम्हाला हे सांगावं लागलं असतं."

मास्तर खाली बसले. चष्मा पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले. मग लेकीला म्हणाले, चोविसाव्यावर पट्टी लाव, लिही, "मला न जमलेलं". जावईबापू कळवळले. म्हणाले, यशस्वी साइटवर आपलं अपयश कोण मांडतं, लोक काय म्हणतील? मास्तर म्हणाले, लोक माझ्याकडे अडलेलंच घेऊन येतात, एकदा मी त्यांच्याकडे नेतो. त्या लोखंडी पट्टीचे चारी बाजूंनी फोटो निघाले आणि काय काय करून पाहिलं ते सगळं मास्तरांनी न लपवता सांगितलं.

एका साध्याशा सकाळी, चहाचा कप हातात असताना, लेकीने साइट उघडली. नातेवाइकांना पाठवली नाही. काकूंच्या ओळखीच्या बायका, चार शिंपी आणि शिवणकामाचा वर्ग घेणाऱ्या एका बाई, एवढ्यांनाच पाठवली. मास्तरांकडून वचन घेतलं की त्यांनी स्वतः दहा दिवस ती उघडायची नाही. मास्तरांनी वचन पाळलं, फक्त दर तासाला जावयाला फोन करून विचारत राहिले.

नवव्या दिवशी पत्र आलं. लांबच्या एका गावात मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईंचं होतं; शिवणकामाच्या वर्गातून साइट त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी लिहिलं होतं, चोविसाव्या खणातली पट्टी तुम्ही वरच्या झाकणात बसवायला बघताय, ती तिथली नव्हेच. ती खाली शटलच्या मागे बसते आणि तिचं वाकडं टोक आतल्या बाजूला असतं. आमच्याकडे अशी दोन मशीनं आहेत. मास्तरांनी ते पत्र लेकीकडून तीनदा वाचून घेतलं.

त्या दिवशी हात लेकीचे होते आणि शब्द मास्तरांचे. अर्धा फेरा. अजून थोडा. आता थांब, आवाज ऐक. काकूंनी पिशवीतून अभ्रा काढला आणि सरळ शिवत सुटल्या. सात टाके झाले, आठ झाले, वीतभर झालं, हातभर झालं. एकही टाका गळला नाही. काकूंनी आईचं मशीन रिक्षात घालून घरी नेलं.

आता माझ्या खणांत सुटे भाग नाहीत, लोकांचे प्रश्न आहेत. दर आठवड्याला त्यातला एक निवडून मास्तर उत्तर सांगतात. हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतो. शटर मात्र वेळेवर उघडतं आणि कोट परत आलाय. चोविसावा खण रिकामा असला तरी त्याच्या नावाची पट्टी मास्तरांनी काढू दिली नाही. पुन्हा कुणीतरी असं आणेल, म्हणतात.

तुम्हीही काही उघडायच्या बेतात असाल, वेबसाइट म्हणा, दुकान म्हणा, तर घाई करू नका. आधी खण भरा. मग कुणातरी काकूंना बोलावून पुढ्यात बसवा आणि त्या शोधत असताना तोंड मिटून उभे राहा. ते फार अवघड असतं, मास्तरांना विचारा.

माझं सांगून झालं. एवढं मात्र राहिलं. मशीन घरी नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकू पुन्हा आल्या. हातात काही नव्हतं, ना मशीन, ना पिशवी. मशीन पुन्हा अडलं की काय, म्हणून मास्तर उठून उभे राहिले. काकू दारातच थांबल्या.

"मास्तर, मशीन चाललं," त्या म्हणाल्या. "तेवढंच सांगायला आले."