भेगेवरची नवी सून

“मुकी हाय बे ती. मुकी हाय तेच बरं. वेस एकदा पडू दे, मंग सिमेंटची कमान बांधू. वर आपलं नाव.”

गावचे पुढारी मोहनराव हे ग्रामपंचायतीच्या शिपायाला, धोंडीरामला सांगत होते, माझ्याच खाली उभे राहून. मी ऐकायला नको होतं. पण भिंतीवरच्या डबीला कान असतील असं कोणाला वाटतं?

मी ती डबी बोलतेय. शिकलेले मला सेन्सर म्हणतात. उमापूरच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी जुनी दगडी वेस. तिच्या माथ्याला भेग पडलीय. त्या भेगेच्या दोन्ही काठांवर हात टेकून मी बसते. ती केसभर जरी रुंदावली तरी बीडला राजनंदिनीच्या मोबाइलवर कळवते. राजनंदिनी इंजिनिअर. मला या घरी दिलं ते तिनंच.

वेस म्हणजे माझी सासू. थकलेली, पण ताठ. दुपारी उन्हानं तिचं अंग फुगतं, भेग मिटते. पहाटे गारठ्यात पुन्हा उघडते. सुरुवातीला मी घाबरून सारखी माहेरी कळवायची. मग लक्षात आलं, सासूबाई कुरकुरत नाहीत, श्वास घेतात.

गावानं माझं कौतुकही केलं. कोणीतरी “कॅमेरा हाय” म्हणालं, तेव्हापासून वेशीच्या कोपऱ्यात कोणी तंबाखू थुंकत नाही. दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर मलाही हळदकुंकू मिळालं.

वेशीच्या सावलीत भिवराबाई भाजी विकते. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की दोन नातवंडं तिच्यापाशी. वेस गेली तर तिची जागा गेली. सिमेंटच्या कमानीखाली भाजीवालीला कोण बसू देतंय? रोज दुकान मांडताना ती वर बघून म्हणते, “म्हातारीला सांभाळ गं बाई.” कोणत्या म्हातारीला, ते सांगत नाही.

काळजीचं कारण होतंच. मधूनच एखाद्या दिवशी भेग एकदम उघडायची, ऊन नाही, गारठा नाही. मी कळवत राहिले. शेवटी राजनंदिनीनं धोंडीरामला फोन लावला. तो वेशीखालीच होता आणि फोन कायम स्पीकरवर ठेवतो, म्हणून मलाही ऐकू आलं.

“काका, गेल्या गुरुवारी वेशीवर काय होतं?”

“काय न्हाई मॅडम. मोहनराव सायबांचा वाढदिवस.”

“आणि पोळ्याला?”

“पोळ्याच्या शुभेच्छा. सायबांच्याच.”

“परवा?”

“त्यांच्या पुतण्याची निवड झाली ना. अभिनंदन.”

“कसली निवड?”

“ते न्हाई बा माहीत. बॅनर लई मोठा हाय पण.”

मोठा म्हणजे वेशीएवढा. त्याच्या तारा माथ्यावरच्या सुट्या दगडाला आवळलेल्या. वारं सुटलं की बॅनर पोत्यासारखा फुगतो, दगडाला हिसका बसतो, भेग उघडते. बॅनर उतरला की मिटते. सगळं माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं. पण मी बोलते मोबाइलवरच्या रेघांनी, आणि रेघा वाचायला माणूस लागतं.

मोहनरावांच्या सांगण्यावरून वेस पाडायचा ठराव घ्यायला एके सकाळी गाव जमलं. आता पडेल, मग पडेल म्हणायचं, आणि बैठक तिच्याच सावलीत. वर अभिनंदनाचा बॅनर फडफडत होता. बीडहून राजनंदिनी आली होती. तिनं माझ्या रेघा सगळ्यांपुढं धरल्या.

“रेघा आमाला कळत न्हाईत,” मोहनराव म्हणाले. “आन् ती डबी तर मुकी.”

भिवराबाई भाजीवरचं फडकं हातात धरून उठली. “काय म्हणती ती, वाचून तर दावा मॅडम.”

राजनंदिनीनं वर माझ्याकडं पाहिलं. मग माझं म्हणणं तिनं मोठ्यानं वाचलं:

“म्हातारी पडत नाही, मोहनराव. तुमचा बॅनर तिला ओढतोय. तेवढा उतरवा.”